सिलियाकच्या रक्ततपासणीचा रिपोर्ट: आकडे कसे वाचायचे आणि पुढे काय करायचं

सिलियाक म्हणजे गव्हातल्या ग्लुटेनमुळे लहान आतड्याला इजा होणारा आजार. त्याची रक्ततपासणी गहू खात असतानाच करायची असते, आणि निदान पक्कं होईपर्यंत गहू चालूच ठेवायचा असतो. माझ्या मुलीला हा आजार आहे, त्यामुळे नागपुरातल्या आणि आजूबाजूच्या गावांतल्या ओळखीच्या घरांमधून रिपोर्टचे फोटो माझ्या फोनवर येत राहतात. "ताई, टीटीजी इतका आला, आता काय करू?" (टीटीजी ही या आजाराची मुख्य रक्ततपासणी.) यावर मी आकड्याकडे नंतर बघते. पोळी चालू आहे की बंद केली, हे आधी विचारते. बंद केली असेल तर पुढच्या प्रत्येक तपासणीचा अर्थ लावणं अवघड होऊन बसतं.

निदान डॉक्टरांनीच करायचं असतं. पण मेडिकल, मेयो किंवा मिहानमधल्या एम्सची ओपीडी असो, नाहीतर धंतोली-रामदासपेठेतला खासगी दवाखाना असो, डॉक्टरांसमोर मिळणारी मिनिटं मोजकीच असतात. रिपोर्टमधल्या ओळी आधीच कळल्या असतील तर तेवढ्या वेळात नेमकं विचारता येतं. त्यासाठी हा लेख.

रक्तात काय शोधतात

गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लुटेन नावाचं प्रथिन असतं. कणकेला मळल्यावर चिवटपणा येतो तो त्याच्यामुळे. सिलियाक असलेल्या माणसाची रोगप्रतिकारशक्ती ग्लुटेनला शत्रू समजते आणि त्या नादात स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर हल्ला करते. या अस्तरावर बारीक बोटांसारखे असंख्य उंचवटे असतात. अन्नातलं लोह, कॅल्शियम, जीवनसत्त्वं तिथून शोषली जातात. उंचवटे झिजून सपाट झाले की खाल्लेलं अंगी लागत नाही. मग कुणाला जुलाब होतात, कुणाचं पोट फुगतं, एखाद्या मुलाची उंची थांबते, एखाद्या मुलीची पाळी उशिरा सुरू होते. आणि कित्येकांना पोटाची काहीच तक्रार नसते, फक्त लोहाच्या गोळ्या महिनोन्‌महिने घेऊनही हिमोग्लोबिन वर येत नाही.

ही गव्हाची अ‍ॅलर्जी नव्हे. अ‍ॅलर्जीत आयजीई नावाची अँटीबॉडी बघतात, ती तपासणी वेगळी. सिलियाकमध्ये शरीरातल्या टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेज या एन्झाइमविरुद्ध अँटीबॉडी तयार होतात. जर्मनीतल्या संशोधकांनी हे १९९७ मध्ये दाखवलं आणि आजची मुख्य रक्ततपासणी त्याच शोधावर उभी आहे. रिपोर्टवर तिचं नाव 'टीटीजी-आयजीए' असतं. टीटीजी म्हणजे ते एन्झाइम, आणि आयजीए हा अँटीबॉडीचा प्रकार. पोटात गहू जात असतो तोवर या अँटीबॉडी बनत राहतात. गहू थांबला की काही आठवड्यांत त्या उतरायला लागतात. म्हणूनच गहू सोडून काही महिने झालेल्या माणसाचा 'निगेटिव्ह' रिपोर्ट त्याला सिलियाक नाही असं सिद्ध करत नाही.

'हा पंजाब-हरियाणाकडचा आजार, आपल्याकडे कुठला?' असं अजूनही ऐकू येतं. भारतातल्या प्रौढांची एक मोठी पाहणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात सिलियाकच्या अँटीबॉडी उत्तर भारतात १.२३ टक्के, ईशान्येत ०.८७ टक्के आणि दक्षिणेत ०.१० टक्के लोकांत सापडल्या. आजारासाठी लागणारी जनुकं मात्र तिन्हीकडे साधारण तिसऱ्या हिश्शाच्या लोकांत होती. मोठा फरक होता तो ताटातल्या गव्हाचा: उत्तरेत दिवसाला सरासरी ४५५ ग्रॅम, दक्षिणेत २५ ग्रॅम. विदर्भ मुळात ज्वारीचा मुलूख, पण आज नागपुरातल्या बहुतेक घरांत दोन्ही वेळा पोळीच होते. त्यामुळे शंका आली तर 'आपल्याकडे नसतं' म्हणून ती बाजूला सारू नका.

पहिली पायरी: रक्त देण्याआधी

या तपासणीसाठी उपाशीपोटी जावं लागत नाही. सोबत उपाशीपोटीची साखर सांगितली असेल तरच सकाळी लवकर जा.

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दोन नावं हवीत: टीटीजी-आयजीए आणि टोटल आयजीए. दुसरं नाव पुष्कळदा राहून जातं. ते नसेल तर तिथेच विचारा, "डॉक्टर, टोटल आयजीए पण सोबत करून घ्यायची का?" एकाच वेळी टोचलेल्या सुईत दोन्ही होतात आणि लहान मुलाला पुन्हा रडवावं लागत नाही. ती का हवी, ते पुढच्या पायरीत येईल.

स्टेरॉइड किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील तर डॉक्टरांना आधीच सांगा. त्यांच्यामुळे अँटीबॉडी कमी दिसू शकतात.

गहू आधीच सोडला असेल तर घाईने रक्त देऊ नका. अशा वेळी डॉक्टर काही आठवडे गहू पुन्हा सुरू करायला सांगतात. सहसा सहा ते आठ आठवडे, मोठ्या माणसाला रोज दोन-तीन पोळ्यांइतका. एवढं सोसत नसेल तर प्रमाण आणि मुदत कमी करता येते, पण तो निर्णय डॉक्टरांनी घ्यायचा. पाच वर्षांखालच्या मुलांत आणि वयात येतानाच्या वाढीच्या काळात हा प्रयोग शक्यतो टाळतात. लहान मुलाचा गहू घरच्या घरी बंद करून बघणं मला म्हणूनच सगळ्यात धोक्याचं वाटतं. मूल महिनाभरात बरं दिसायला लागतं, आईवडिलांना हायसं वाटतं, आणि निदानाची वाट मात्र पुढची कित्येक वर्षं अडून राहते. आयुष्यभराचं पथ्य पाळायचं की नाही, हे अर्धवट पुराव्यावर ठरवायची वेळ कुणावर येऊ नये.

अजून एक. शंभर-दोनशे पदार्थांची नावं असलेले 'फूड इन्टॉलरन्स'चे पॅकेज मिळतात. त्यांत गव्हासमोर लाल खूण आली म्हणून सिलियाक ठरत नाही, आणि हिरवी आली म्हणून तो नाही असंही होत नाही. तो खर्च टाळा.

नमुना नागपुरात घेतला तरी काही तपासण्यांसाठी तो बाहेरगावच्या मुख्य प्रयोगशाळेत जातो. रिपोर्ट कधी मिळेल आणि तपासणी कुठे होणार, हे लॅबच्या काउंटरवर विचारून ठेवा. पुढच्या वर्षी आकड्यांची तुलना करताना हे उपयोगी पडेल.

दुसरी पायरी: आधी टोटल आयजीए बघा

रिपोर्ट आला की सगळ्यांची नजर टीटीजीवर जाते. तुम्ही आधी टोटल आयजीए बघा. टीटीजी-आयजीए ही तपासणी आयजीए प्रकारच्या अँटीबॉडीच मोजते. ज्याच्या शरीरात मुळात आयजीए बनतच नाही, त्याला सिलियाक असला तरी टीटीजी-आयजीए निगेटिव्ह येणार. सिलियाकच्या रुग्णांपैकी सुमारे दोन ते तीन टक्के असे असतात, म्हणजे सर्वसाधारण लोकांपेक्षा कितीतरी जास्त.

मोठ्या माणसात टोटल आयजीए साधारण ७० ते ४०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असतं. चार वर्षांवरच्या माणसात ते ७ च्या खाली असेल तर आयजीएची खरी कमतरता म्हणतात. २० च्या खाली असलं तरी आयजीजी, म्हणजे दुसऱ्या प्रकारच्या अँटीबॉडी, मोजणाऱ्या तपासण्या जोडून घेणं शहाणपणाचं: डीजीपी-आयजीजी (डीजीपीबद्दल पुढे येईल) किंवा टीटीजी-आयजीजी. ७० पेक्षा थोडं कमी, समजा ५५, असेल तर घाबरू नका. तेवढ्या आयजीएवर टीटीजी-आयजीए सहसा बरोबर उत्तर देते.

इथे दोन ठिकाणी फसगत होते. पहिलं, एकक. काही लॅब हा आकडा ग्रॅम प्रति लिटरमध्ये देतात. तिथे ०.७ म्हणजे ७० मिलिग्रॅम. '०.७ आलं, संपलंच' असं म्हणण्याआधी आकड्याच्या शेजारी काय छापलं आहे ते वाचा. दुसरं, वय. दोन-तीन वर्षांच्या मुलाचं आयजीए मोठ्यांपेक्षा कमीच असतं. रिपोर्टवर मोठ्यांची मर्यादा छापलेली असेल तर निरोगी मुलासमोरही 'लो' असं येतं. वयाप्रमाणे मर्यादा दिली आहे का, ते बघा, नसेल तर बालरोगतज्ज्ञांना विचारा.

तिसरी पायरी: टीटीजीचा आकडा, आणि त्याच्या शेजारची मर्यादा

सगळ्यात जास्त गोंधळ या ओळीवर होतो, म्हणून इथे सावकाश जाऊ.

टीटीजीच्या आकड्याला सगळीकडे लागू होणारं एकच माप नाही. प्रत्येक लॅब एखाद्या कंपनीचं किट वापरते आणि त्या किटची स्वतःची मर्यादा असते. कुठे १० च्या वर पॉझिटिव्ह, कुठे २० च्या वर, कुठे ७ ते १० हा संशयाचा पट्टा आणि त्यापुढे पॉझिटिव्ह. एककंही वेगळी छापलेली असतात. म्हणून तुमचा ६८ आणि शेजारच्या काकूंच्या नातवाचा ६८ एक असेलच असं नाही.

करायचं एवढंच: तुमच्या आकड्याला त्याच रिपोर्टवरच्या वरच्या मर्यादेने भागा. आकडा ६८, मर्यादा १० असेल तर ६.८ पट. तोच ६८, मर्यादा २० असेल तर ३.४ पट. पहिल्या माणसाच्या बाबतीत शंका बरीच दाट, दुसऱ्याच्या बाबतीत जरा कमी, जरी कागदावर दोघांचा आकडा एकच असला. डॉक्टर 'किती पट' या भाषेत विचार करतात. भागाकार घरीच करून रिपोर्टच्या कडेला पेन्सिलने लिहून ठेवा.

कधी कधी आकड्याऐवजी '२०० पेक्षा जास्त' असं येतं. किटचा मोजायचा आवाका तिथे संपला, एवढाच त्याचा अर्थ. मर्यादा २० असेल तर हा किमान दहा पट. खरा आकडा किती मोठा, ते नमुना पातळ करून पुन्हा मोजल्याशिवाय कळत नाही, आणि निदानासाठी त्याची सहसा गरज पडत नाही.

आता मर्यादेच्या जेमतेम वर गेलेला आकडा. मर्यादा २०, आकडा २६. नागपुरातल्या घरांमधून मला येणाऱ्या फोटोंपैकी घाबरवणारे बहुतेक असेच असतात. मर्यादेच्या दोन-तीन पटींच्या आतला आकडा सिलियाक नसतानाही येऊ शकतो: यकृताचा आजार, टाइप १ मधुमेह, हृदयाचा गंभीर आजार, एखादा नुकता होऊन गेलेला संसर्ग. अशा वेळी डॉक्टर ईएमए ही दुसरी अँटीबॉडी तपासणी (तिच्याबद्दल पुढे येईल) करून बघतात किंवा गहू चालू ठेवून काही महिन्यांनी टीटीजी पुन्हा करतात. विशेषतः टाइप १ मधुमेह असलेल्या मुलांत तो चढून आपोआप उतरल्याचंही दिसतं. या टप्प्यावर पथ्य सुरू करणं म्हणजे उत्तर येण्याआधीच प्रश्न पुसून टाकणं.

आणि निगेटिव्ह? टोटल आयजीए ठीक, गहू नेहमीसारखा चालू, प्रतिकारशक्ती दाबणारं औषध नाही, आणि टीटीजी मर्यादेच्या आत, तर सिलियाकची शक्यता बरीच कमी होते. पण शून्य होत नाही. थोडे रुग्ण रक्तात निगेटिव्ह राहतात. लक्षणं ठळक असतील, वजन घटत असेल, तर पोटविकारतज्ज्ञ रक्त निगेटिव्ह असूनही दुर्बिणीची तपासणी सुचवतात, आणि ते योग्यच आहे.

बाकीची नावं: ईएमए, डीजीपी, एजीए

ईएमए म्हणजे एंडोमायसियल अँटीबॉडी. ही सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्यांनी बघून ठरवतात, त्यामुळे तपासणाऱ्याचा अनुभव महत्त्वाचा. ती पॉझिटिव्ह आली तर चूक असण्याची शक्यता फारच कमी, म्हणून टीटीजीनंतर खात्रीसाठी करतात. निकाल 'पॉझिटिव्ह १:८०' अशा रूपात येतो. नमुना कितीपट पातळ केला तरी खूण दिसत राहिली, ते त्या दुसऱ्या आकड्यावरून कळतं.

डीजीपी म्हणजे ग्लुटेनच्या बदललेल्या तुकड्यांविरुद्धच्या अँटीबॉडी. ही तपासणी मुख्यतः आयजीए कमी असलेल्यांसाठी. टीटीजी-आयजीए निगेटिव्ह, टोटल आयजीए व्यवस्थित, आणि पॅकेजमधून आलेली डीजीपी-आयजीजी किंवा टीटीजी-आयजीजी तेवढी किंचित वर, असं दिसलं तर ते पुष्कळदा खोटं पॉझिटिव्ह ठरतं. डॉक्टरांना दाखवा, पण त्यावर झोप उडवून घेऊ नका.

एजीए, म्हणजे जुनी अँटीग्लायडिन तपासणी, आता निदानासाठी सुचवत नाहीत. कुणी फक्त तीच केली असेल तर टीटीजी करून घ्या.

चौथी पायरी: पॉझिटिव्ह आल्यावर

टीटीजी पॉझिटिव्ह म्हणजे निदान झालं, असं नाही. पुढची पायरी बहुतेकांसाठी दुर्बीण, म्हणजे एंडोस्कोपी, आणि आतड्याच्या अस्तराचे बारीक तुकडे काढून तपासणी. तुकडा म्हटलं की घरातले घाबरतात, आज्या तर रडायलाच लागतात. तुकडे अगदी बारीक असतात, काढताना आतून दुखत नाही, लहान मुलांना गुंगी देतात, आणि सहसा त्याच दिवशी घरी सोडतात. लहान आतड्याच्या दुसऱ्या भागातून किमान चार आणि सुरुवातीच्या फुगीर भागातून एक-दोन तुकडे घ्यायचे असतात, कारण झीज सगळीकडे सारखी नसते. 'किती तुकडे घेणार?' हा प्रश्न उद्धटपणाचा नाही, विचारा.

त्या रिपोर्टवर 'मार्श' नावाची श्रेणी असते. ० म्हणजे अस्तर ठीक. १ म्हणजे पांढऱ्या पेशींची गर्दी वाढलेली, पण उंचवटे शाबूत. २ म्हणजे त्यासोबत उंचवट्यांच्या मुळाशी असलेल्या ग्रंथी लांबलेल्या. ३ म्हणजे उंचवटे झिजलेले, आणि त्यात ए, बी, सी अशी वाढती झीज. टीटीजी पॉझिटिव्ह आणि मार्श ३ असं जुळलं की निदान पक्कं धरतात. टीटीजी पॉझिटिव्ह पण मार्श ० किंवा १, तर त्याला 'पोटेन्शियल सिलियाक' म्हणतात. यात सगळ्यांनाच लगेच पथ्य देत नाहीत. लक्षणं किती, वय काय, यावरून ठरतं, आणि काहींना गहू चालू ठेवून नुसतं लक्ष ठेवायला सांगतात.

आपल्या देशात एक गोष्ट जास्तीची सांभाळावी लागते. उंचवटे झिजण्याचं कारण सिलियाकच असेल असं नाही. ट्रॉपिकल स्प्रू, जिआर्डियाचा जंतुसंसर्ग, क्वचित आतड्याचा क्षयरोग, यांतही अस्तराची अवस्था तशीच दिसू शकते, आणि त्यांचे उपचार पूर्ण वेगळे. म्हणून नुसत्या तुकड्यावरही निदान करत नाहीत. रक्त आणि तुकडा दोन्ही जुळायला लागतात.

युरोपातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०२० च्या नियमावलीप्रमाणे मुलांत टीटीजी-आयजीए मर्यादेच्या दहा पट किंवा जास्त असेल, आणि दुसऱ्या वेळी घेतलेल्या रक्तात ईएमएसुद्धा पॉझिटिव्ह असेल, तर तुकडा न काढताही निदान करता येतं. वर जो भागाकार केला त्याचा उपयोग इथे. पण दोन अटी वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका: रक्त दोन वेगवेगळ्या वेळी घेतलेलं हवं, आणि निर्णय या विषयातल्या तज्ज्ञांनी आईवडिलांशी बोलून घ्यायचा. आपल्याकडे लॅब आणि किट यांत फरक बराच असल्याने पुष्कळ डॉक्टर आजही दुर्बीण करून घेणं पसंत करतात. तुमच्या डॉक्टरांनी तसं सुचवलं तर ते जुनाट आहेत असं समजू नका.

एचएलए-डीक्यू२ आणि डीक्यू८ ही जनुकांची तपासणी. तिचा अर्थ उलट्या बाजूने लावायचा असतो. दोन्ही नसतील तर सिलियाक जवळजवळ नाहीच. असतील तर विशेष काही कळत नाही, कारण ती पुष्कळ निरोगी माणसांतही असतात. गहू सोडलेला असला तरी ही तपासणी करता येते, त्यामुळे पथ्यावर असलेल्या माणसाच्या बाबतीत तिचा उपयोग होतो. सरसकट सगळ्यांनी करायची तपासणी ही नाही.

बाकीचे आकडे: रक्त कमी का आहे?

सिलियाकची शंका असलेल्या माणसाच्या रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी१२, फॉलिक अ‍ॅसिड, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, यकृताचे एसजीपीटी-एसजीओटी, थायरॉइडचं टीएसएच आणि साखर हे आकडेही बघतात. फेरिटिन म्हणजे शरीरातला लोहाचा साठा. हिमोग्लोबिन कमी आणि फेरिटिनही कमी, गोळ्या नीट घेऊनही दोन्ही वर येत नाहीत, असं असेल तर आतडं लोह शोषतं का, हा प्रश्न विचारायलाच हवा. एसजीपीटी थोडं वाढलेलं असेल तर तेही सिलियाकमुळे असू शकतं आणि पथ्यावर उतरतं. थायरॉइड आणि साखर यासाठी, की हाशिमोटो हा थायरॉइडचा आजार आणि टाइप १ मधुमेह हे सिलियाकच्या सोबतीने येणारे आजार आहेत.

विदर्भात रक्तक्षयाचं म्हणाल तर सिकलसेल विसरून चालत नाही. आपल्या भागात सिकलसेल आणि थॅलेसेमियाची जनुकं बऱ्याच कुटुंबांत आहेत. थॅलेसेमियाचा वाहक असलेल्या माणसाच्या लाल पेशी लहान दिसतात आणि तो लोहाची कमतरता असल्यासारखा वाटतो. म्हणून लोह देऊनही हिमोग्लोबिन हलत नसेल तर सिलियाकच्या तपासणीसोबत हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस ही तपासणी झाली आहे का, ते बघा. दोन्ही एकाच माणसात असू शकतात, त्यामुळे एक सापडलं म्हणून दुसरं शोधणं सोडायचं नाही.

पाचवी पायरी: पथ्य सुरू झाल्यावर टीटीजी पुन्हा

निदान पक्कं झालं की त्याच दिवसापासून पथ्य पूर्ण, अर्धवट नाही. पहिली फेरतपासणी साधारण सहा महिन्यांनी, मग वर्षाने, आणि पुढे दरवर्षी. शक्यतो त्याच लॅबमध्ये, नाहीतर पटींमध्ये तुलना करा.

आकडा लगेच शून्यावर येत नाही. सुरुवातीला दहा-पंधरा पट असेल तर मर्यादेच्या आत यायला एक ते दोन वर्षं लागू शकतात. बघायचं ते हे, की तो सतत उतरतो आहे का. २०० वरून सहा महिन्यांत ९०, वर्षाने ४० असा प्रवास असेल तर तुमचं बरं चाललंय, मर्यादा अजून ओलांडलेली असली तरी. ९० वरून पुन्हा १३० झाला तर कुठून तरी ग्लुटेन पोटात जातं आहे, ते शोधायला बसा.

सगळ्यात आधी चक्की. ज्वारी घरची, स्वच्छ निवडलेली, पण चक्कीवर तिच्या आधी गहू दळला असेल तर जात्यात राहिलेलं गव्हाचं पीठ भाकरीत येतं. घरगुती लहान चक्की घेणं, किंवा तांदूळ-ज्वारीच दळणारा चक्कीवाला शोधणं, याला पर्याय नाही. नंतर डब्यातला हिंग: बाजारातल्या बऱ्याच बांधानी हिंगात गव्हाचं पीठ किंवा मैदा असतो. मुलांच्या दुधात टाकायच्या माल्टच्या पावडरीत जव असतो. उन्हाळ्यात करतो त्या सातूच्या पिठात गहू असतो. सांबारवडीच्या पारीत बेसनासोबत मैदा किंवा कणीक घालतात. देवळातला प्रसाद रव्याचा असतो, आणि पानगे-रोडग्यांच्या जेवणात तर ताटभर गहूच. तर्री-पोह्यातले पोहे तांदळाचे, पण त्याच ठेल्यावर समोसा आणि पोह्यांवरचा शेव एकाच कढईत तळला जातो. दुकानात 'ग्लुटेन-फ्री' छापलेल्या पाकिटात नियमाप्रमाणे किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही. नुसतं 'मल्टिग्रेन' किंवा 'मैदा नाही' असं छापलं असेल तर ते आपल्या कामाचं नाही.

उलट बाजूही सांगायला हवी. टीटीजी नॉर्मल आलं म्हणजे आतडं पूर्ण भरून आलं, किंवा अधूनमधून खाल्लेलं चालतं, असा अर्थ होत नाही. थोड्या प्रमाणातलं ग्लुटेन ही तपासणी टिपेलच असं नाही. मोठ्या माणसांचं अस्तर भरून यायला मुलांपेक्षा जास्त वेळ लागतो. रिपोर्ट चांगला आला म्हणून लग्नातल्या पंगतीत एक जिलेबी चालेल का, असं माझी मुलगीसुद्धा विचारते. मी नाही म्हणते, आणि घरी तांदळाच्या पिठाचं काहीतरी गोड करून देते.

दरवर्षीच्या तपासणीत फक्त टीटीजी नको. हिमोग्लोबिन, फेरिटिन, ड जीवनसत्त्व, टीएसएच हेही घ्या. मुलांची उंची आणि वजन दर वेळी नोंदवून घ्या. मोठ्यांना हाडांची घनता मोजायची का, ते डॉक्टरांना विचारा.

फाइल, आणि घरातली बाकीची माणसं

एका प्लास्टिकच्या फाइलमध्ये सगळे मूळ रिपोर्ट तारखेप्रमाणे लावा. पहिल्या पानावर हाताने एक तक्ता करा: तारीख, लॅब, टीटीजी, त्या लॅबची मर्यादा, किती पट, टोटल आयजीए, हिमोग्लोबिन, फेरिटिन, त्या वेळी गहू चालू होता की बंद. शेवटचा रकाना सोडू नका, नवीन डॉक्टरांना त्याचाच सगळ्यात जास्त उपयोग होतो. तुकड्याच्या रिपोर्टची झेरॉक्स वेगळी ठेवा आणि काचपट्ट्या कुठे आहेत तेही लिहा, दुसऱ्या तज्ज्ञाचं मत घ्यायचं झालं तर त्या मागाव्या लागतात.

सिलियाक असलेल्या माणसाचे आईवडील, भावंडं आणि मुलं यांच्यात हा आजार सापडण्याचं प्रमाण सुमारे साडेसात टक्के आहे, आणि बहिणी-मुलींमध्ये त्याहून जास्त. काही त्रास नसला तरी या सगळ्यांची टीटीजी-आयजीए आणि टोटल आयजीए करावी. एका मुलासाठी अख्खं घर ज्वारी-तांदळावर आणायचं ठरवत असाल तर आधी बाकीच्यांचं रक्त द्या, मग डबे रिकामे करा. आज निगेटिव्ह आलेल्या भावंडाला पुढे कधी होणारच नाही असं नसतं. मुलांत दर दोन-तीन वर्षांनी, आणि उंची मंदावली, हिमोग्लोबिन घसरलं किंवा पोट सतत बिघडायला लागलं तर लगेच, तपासणी पुन्हा करतात. हे वारंवार नको असेल तर भावंडाची एचएलए एकदा करून घ्या. डीक्यू२ आणि डीक्यू८ दोन्ही नसतील तर त्याच्या नावापुढे तसं लिहून ठेवा, त्याला दर दोन वर्षांनी सुई टोचायची गरज नाही.